चाकाच्या डिस्का : रंग मारावा की पावडर बसवावी?

हंगाम आटोपला. शेवटची खेप गव्हाणीत रिकामी झाली, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि ट्रॉल्या वस्तीवरच्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. कारखान्यात या दिवसांत रोलर बाहेर निघतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप उघडले जातात; कारण एकदा मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने यंत्र थांबवून चालत नाही, हे तिथल्या फिटरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत सर्वांना ठाऊक असते. आपल्या ट्रॉलीच्या नशिबी अशी दुरुस्ती बहुधा नसते. ती उन्हात तापते, पावसात भिजते, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात, आणि दसऱ्याला आठ दिवस उरले की आपल्याला तिची आठवण होते. मग ग्रीस, मग टायर, मग वेल्डिंग, आणि डब्यात रंग उरलाच तर सरतेशेवटी चाकांच्या डिस्का.

अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. वजनकाट्याच्या रांगेत, गट ऑफिसच्या कट्ट्यावर, पंक्चरवाल्याच्या बाकावर, जिथे म्हणून चार ट्रॅक्टरवाले जमतात तिथे हा विषय निघतो. घरच्या मुलाने मोटारीच्या डिस्का शहरातून 'पावडर कोटिंग' करून आणलेल्या असतात. दिसतातही झकास. मग तो म्हणतो, "आबा, जीपच्या आणि ट्रॉलीच्या पण करून टाकू. एकदाच काय तो खर्च, पुन्हा बघायला नको." आबांना शंका तर येते, पण नेमकं विचारायचं काय ते सुचत नाही. तेवढ्यात गावचा पेंटर येतो आणि म्हणतो, "कशाला पैसे घालवता? मी दोन हात मारून देतो, तसंच दिसेल." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. आम्ही हे दोन्ही उद्योग करून पाहिले आहेत आणि एकदा चांगलेच पस्तावलो आहोत. ती हकिगत पुढे येईलच. आधी ही पावडर म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू.

साध्या रंगाच्या डब्यात मुख्य तीन जिनसा असतात. एक रंगद्रव्य, दुसरी ते धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन, आणि तिसरा हे सगळे पातळ करणारा थिनर. थिनर उडून जातो आणि मागे पापुद्रा राहतो. पावडरीत थिनर नसतोच. रंगद्रव्य, रेझिन आणि घट्ट करणारा हार्डनर एकत्र वितळवून, थंड करून पिठासारखे बारीक दळतात. ही भुकटी बंदुकीतून उडवताना तिला विजेचा भार देतात. बंदुकीच्या टोकाशी ६० हजार ते १ लाख व्होल्टपर्यंत दाब असतो, पण करंट अगदी नाममात्र. डिस्क आकड्याला टांगून अर्थिंग केलेली असते. लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. तोच हा प्रकार, म्हणून भुकटी डिस्कला जाऊन चिकटते. मग ती डिस्क भट्टीत जाते. पावडर ज्या जातीची असेल त्याप्रमाणे साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटे. ही मिनिटे भट्टी तापल्यापासून नव्हे, डिस्कचे लोखंड तेवढे तापल्यापासून मोजायची असतात, आणि घाईचे दुकान नेमके इथेच चुकते. भट्टीत भुकटी वितळते, पसरते आणि कायमची घट्ट होते. गूळ पुन्हा तापवला तर पुन्हा पातळ होतो; ही पावडर एकदा आळली की परत वितळत नाही.

युक्ती तशी नवी नाही. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू हवेने उधळत ठेवलेल्या भुकटीच्या हौदात बुडवायची पद्धत काढली. विजेची बंदूक त्यानंतर, १९६० च्या दशकात आली. आज आपल्या घरातली लोखंडी कपाटे, पंखे, फ्रीज, खिडक्यांच्या चौकटी यांपैकी पुष्कळ वस्तूंवर हीच पावडर असते.

तिचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाड बसतो. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. एका वेळेस एवढा जाड थर साध्या रंगाने द्यायला गेलो तर तो ओघळतो. पावडर ओघळत नाही. घासायला चिवट असते, पेट्रोल-डिझेल सांडले तरी लवकर खराब होत नाही, थिनरचा वास नाही. पावडरीतही जाती आहेत हे मात्र ध्यानात ठेवावे. नुसत्या इपॉक्सीची पावडर लोखंडाला घट्ट धरते, पण उन्हात काही काळाने भुरकट पडते, हात लावला तर खडूसारखी पूड लागते. उन्हातल्या वस्तूला पॉलिएस्टरची पावडर लागते. दुकानदाराला हा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस जाणकार आहे की नाही ते कळते.

गंज वरून नाही, खालून येतो

आता आपल्या डिस्का खराब होतात त्या कशाने? पाणी आणि हवा तर आहेच. पण आपल्या चाकांच्या वाट्याला आणखीही काही येते. त्याच ट्रॉलीतून आपण खताची पोती आणतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचे सख्खे भावंड. फाटक्या पोत्यातले मूठभर चाकावर पडले आणि वरून चार थेंब पाण्याचे पडले की लोखंडाला गंज दुपटीने लागतो म्हणा ना. उसाचा रस चिकट. त्याला धूळ धरते, धूळ ओल धरते आणि रस आंबून आंबट होतो. क्षारपड रानातला चिखल वेगळाच. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात वजनासाठी आपण पाणी भरतो. ट्यूबच्या वॉलपाशी ते झिरपायला लागले तर डिस्क आतून सडते, बाहेरचा रंग शाबूत असतो आणि एक दिवस वॉलच्या भोकाभोवतीचा पत्राच हातात येतो. ट्यूब बसते त्या आतल्या भागाला कोणी रंगच मारत नाही. तिथले गंजाचे पोपडे ट्यूबला कातरतात आणि आपण पंक्चरवाल्याला दोष देतो.

कोणताही थर, रंगाचा असो की पावडरीचा, खालच्या गंजावर बसवला तर गंज आपले काम चालूच ठेवतो. फरक एवढाच की रंग लवकर फुगून ओरडून सांगतो, आणि पावडर चिवट असल्यामुळे बराच काळ झाकून ठेवते. एखाद्या दगडाने टवका उडाला की तिथून ओल आत शिरते, पापुद्र्याखाली पसरत जाते, आणि मग नखाने ओढला तर हातभर पट्टा निघतो. असे झाले की लोक म्हणतात पावडर वाईट. पावडर वाईट नव्हती. खालची तयारी वाईट होती. चांगल्या दुकानात लोखंडाला आधी ग्रीस काढायच्या हौदात, मग गंज काढायच्या आम्लाच्या हौदात आणि मग फॉस्फेटच्या हौदात बुडवतात, मधे मधे पाण्याने धुतात. जाड गंज असेल तर ब्लास्टिंग करतात, म्हणजे हवेच्या दाबाने कठीण कण मारून लोखंड पांढरे करतात. (कुठे कुठे यासाठी अजून नदीची वाळू वापरतात. ती धूळ छातीत बसली की फुप्फुस कायमचे खराब करते. अशा ठिकाणी आपल्या पोराला बघत उभे करू नका.) ब्लास्टिंग झालेले लोखंड उघडे ठेवले तर दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होते, त्यावर त्याच दिवशी थर चढला पाहिजे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. मोटारीच्या नव्या पोलादी डिस्का कंपनीतून येतात तेव्हा त्यांना बहुधा विजेच्या साहाय्याने रंगाच्या हौदात बुडवून अस्तर दिलेले असते. हे अस्तर बारीक फटींत, रिम आणि मधली ताटली जिथे जोडली आहे त्या सांध्यातही पोचते. बंदुकीतून उडवलेली पावडर अशा खोल खाचेत नीट जात नाही. विजेच्या ओढीने ती खाचेच्या कडांवरच बसते. म्हणून कंपनीचा थर शाबूत असेल तर नुसते नवे दिसावे या हौसेपायी तो ब्लास्टिंग करून उडवू नका. आहे ते चांगले घालवून कमी प्रतीचे विकत घेतल्यासारखे होते. धुवा, हलका घासा आणि वरून एक हात रंग द्या.

जुन्या अवजारांचा रंग खरवडतानाही जरा जपून. आपल्या आजोबांच्या काळी लोखंडाला अस्तर म्हणून शेंदूर लावायचे. काम उत्तम करायचा, पण शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, विषारी. रेडऑक्साइडचा रंगही तांबडाच, पण तो लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्यात हे भय नाही. जुना तांबडा थर कशाचा आहे हे डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा कोरडा न घासता पाणी लावून घासावा आणि लेकरे दूर ठेवावीत.

आमची हकिगत

२०२१-२२ च्या हंगामाआधी आम्ही आमच्या ट्रॉलीच्या डिस्का पावडर करून आणल्या. पिवळ्याधमक. दुकान जिल्ह्याच्या गावचे, काम स्वच्छ, वागणूक चांगली. डिस्का बसवल्या, पूजा केली, नारळ फोडला. चौथ्या खेपेला भरली ट्रॉली घेऊन निघालो तर उतारावर मागून टक्-टक् असा आवाज यायला लागला. ड्रायव्हर जुना होता म्हणून बरे. त्याने रेडिओ बंद केला, कान दिला आणि गाडी बाजूला घेतली. उतरून पाहतो तो मागच्या उजव्या चाकाच्या सहा नटांपैकी दोन हाताने फिरत होते, एक पडलाच होता आणि उरलेल्या नटांखालची भोके लांबट झाली होती. रस्ता शाळा सुटायच्या वेळचा. आणखी दोन मैल गेलो असतो तर भरल्या ट्रॉलीचे चाक निखळून कुणाच्या अंगावर गेले असते, हा विचार आजही झोप घालवतो. ऊस रात्रभर तिथेच राहिला. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरतात, हे याच पत्रिकेत कितीदा छापून आले आहे. त्या दिवशी ते खिशाने वाचले.

आम्ही आधी नटांना शिव्या दिल्या, मग टायरवाल्या पोराला. कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या एका फोरमनसाहेबांना डिस्क दाखवली तेव्हा त्यांनी काही न बोलता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नट बसतो तिथली पावडर खरवडली. ती चुरा होऊन निघाली. मग म्हणाले, "हिथं रंग कशाला दिला? हिथं लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे."

त्याचे कारण असे. नट आवळला की बोल्ट अगदी थोडा ताणला जातो, मिलिमीटरच्या लहानशा अंशाने. त्या ताणातच त्याची सगळी पकड असते. आमच्या डिस्कला पुढून ८०, मागून ८० मायक्रॉन पावडर. मागे हबच्या तोंडावरही रंग. नटाच्या खोबणीतही पावडर. एवढे सगळे थर मधे ठेवून आम्ही नट आवळले. वजन आले, चाक गरम झाले, हादरे बसले, थर दबले आणि चुरले. जेवढा बोल्ट ताणला होता त्याहून जास्त जागा मोकळी झाली, मग ताण कसला राहतो? साध्या रंगाचा जाड थर असता तरी हेच झाले असते. पण पावडर एका दमात जाड बसते, म्हणून धोका जास्त.

दुकानदाराची चूक होती का? आम्ही त्याला काही सांगितलेच नव्हते. आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा नट आवळायचे असतात, तेही आम्ही केले नव्हते. चूक वाटून घेतली तर मोठा वाटा आमच्याच पदरी येतो. ती लांबट भोकांची डिस्क भंगारात दिली. भोके वेल्डिंगने भरून घ्या असे सांगणारे भेटले, पण त्या भागाला वेल्डिंग करून पुन्हा ओझ्याखाली घालायची आमची छाती झाली नाही, कुणाची होऊ नये.

तेव्हापासून आमचा नियम आहे. डिस्क हबला टेकते ते तोंड, नट बसतात त्या खोबणी आणि बोल्टची भोके ही पावडर मारण्यापूर्वी झाकून घ्यायची. भट्टीची उष्णता सोसणारी चिकटपट्टी आणि बुचे दुकानात असतात. सांगितले की लावतात. विसरले तर घरी ती जागा घासून लोखंड उघडे करायचे. चाक चढवल्यावर पहिल्या खेपेनंतर, किंवा मोटार असेल तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर, नट पुन्हा तपासायचे. किती आवळायचे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहणे हे काही माप नव्हे, त्याने बोल्ट मरतो. नटापासून तांबूस ओघळ निघालेला दिसला तर तो नट सैल आहे असे समजून लगेच पाना हातात घ्यावा.

मग कोणत्या चाकाला काय?

ट्रॉलीच्या डिस्कला आमचे मत रंगाच्या बाजूने आहे. ट्रॉलीचे चाक दर हंगामात बांधाला, दगडाला, दुसऱ्या ट्रॉलीच्या कोपऱ्याला घासणारच. टायर काढताना पंक्चरवाल्याची पहार लागणारच. रंगाचा टवका उडाला तर काचकागद, अस्तर आणि ब्रश घेऊन अर्ध्या तासात दुरुस्त होतो. पावडरीला ही सोय नाही. जिथे उडाली तिथे वरून रंगच लावावा लागतो आणि नव्याने पावडर करायची तर जुना सगळा थर आधी उतरवावा लागतो. ट्रॅक्टरची मागची मोठी रिम तर मावेल अशी भट्टी आधी शोधावी लागते. वाहतुकीत दिवस जातो.

जीपच्या आणि मोटारीच्या पोलादी डिस्कला, कंपनीचा थर गेलेला असेल, गंज वरवरचा असेल आणि दुकानात हौदांची सोय असेल तर पावडर खुशाल करावी. तिथे ठोकर कमी, ऊन-पाऊस जास्त, आणि धुऊन पुसून ठेवायला घरातले तरुण तयार असतात. खर्च रंगापेक्षा जास्त येतो, पण चांगले केलेले काम टिकते. नुसते घासून पावडर मारणाऱ्याकडे देण्यापेक्षा गावच्या पेंटरकडून नीट अस्तर लावून रंगवलेले बरे.

अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डिस्कची गोष्ट निराळी. १८०-२०० अंशांनी पोलादाचे काही बिघडत नाही. पण अलॉयच्या पुष्कळ डिस्का उष्णता देऊनच कणखर केलेल्या असतात, आणि त्या प्रक्रियेतली शेवटची पायरी साधारण १५० ते १८० अंशांच्या आसपासची असते. म्हणून ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ किंवा जास्त तापमानाला भाजली, किंवा पुन्हा पुन्हा भट्टीत घातली, तर तिची ताकद उतरू शकते. बाहेरून काही दिसत नाही. जुना रंग जाळून काढायच्या भट्टीत अलॉय कधीच घालू द्यायची नाही. कॉस्टिकच्या हौदात तर ॲल्युमिनियम विरघळायलाच लागते. नुसत्या ओरखड्यांसाठी अलॉयवर भट्टीचा खेळ करण्यापेक्षा हवेत वाळणारा दोन डब्यांचा पीयू रंग स्प्रेने मारून घ्यावा असे आम्हाला वाटते. फक्त त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधणे पुरत नाही. हे काम बूथ आणि योग्य मास्क असलेल्याकडेच द्यावे, गोठ्यात करू नये.

पावडरीला देताना टायर, ट्यूब, वॉल सगळे उतरवून द्यायचे हे उघड आहे. पण हब जोडलेला असेल तर बेअरिंग आणि ऑइल सीलही काढायला हवे, नाहीतर भट्टीत सील जळते आणि ग्रीस वितळून सगळ्या डिस्कवर पसरते. आणि पेंटरने खड्डा बुजवायला भरलेली लांबी? ती एवढी उष्णता सोसत नाही, शिवाय वीज जाऊ देत नाही, म्हणून पावडर तिथे धरतच नाही. लांबी भरलेली डिस्क असेल तर तिला रंगच.

झाकू नये असे काही

रंग आणि पावडर या दोहोंचा एक दुर्गुण सारखाच आहे. दोन्ही तडा झाकतात. म्हणून थर चढवण्यापूर्वी, लोखंड उघडे असताना, उजेडात डिस्क फिरवून पाहावी: दोन भोकांच्या मधली जागा, हवेच्या खिडक्यांच्या कडा, ताटली आणि रिमचा सांधा. केसासारखी रेघ आणि तिच्यातून तांबूस पाणी आल्याची खूण दिसली की ती डिस्क बाद.

आणि टायर चढलेला असताना डिस्कला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू देऊ नका. "हवा काढली आहे, काही होत नाही," असे म्हणणारे भेटतात. होते. आतले रबर आणि चिकट तेले तापून जळाऊ वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. यात माणसे गेली आहेत. नट निघत नाही म्हणून गॅसने तापवणे हाही त्यातलाच प्रकार. ज्या डिस्कला लॉक रिंग असते तिच्या खाचेतला गंज किंवा जाड थर रिंगला नीट बसू देत नाही, आणि अर्धवट बसलेली रिंग हवा भरताना गोळीसारखी सुटते. ती खाच स्वच्छ हवी, तिथे पोपडेही नकोत आणि थरावर थरही नकोत. रिंग काढण्याआधी वॉलची पिन काढून सगळी हवा सोडावी, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून माणसाने बाजूला उभे राहावे.

घरी रंगवणाऱ्यांसाठी आमची रीत सांगतो. टायर उतरवल्यावर डिस्का धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून काढतो. चाकाच्या ग्रीसवर कुठलाच रंग धरत नाही. मग तारेचा ब्रश, खरवडणी आणि काचकागद. गंजाचा खळगा राहिला तरी चालेल, पण सुटणारा पोपडा राहता कामा नये. उन्हात वाळवून, थिनरच्या फडक्याने पुसून, सावलीत इपॉक्सी अस्तर. भर दुपारच्या तापल्या लोखंडावर नाही आणि दव पडायच्या वेळेलाही नाही. दुसऱ्या दिवशी सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात, एक जाड हात नव्हे. सांध्याच्या खाचेत आणि ट्यूबच्या बाजूने आम्ही लहान ब्रशच वापरतो. इनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही, पण आतून कडक व्हायला आठवडाभर घेते. तेवढा धीर धरूनच टायर चढवावा. नांगराच्या फाळाला आपण जळके ऑइल चोपडतो ते ठीक, डिस्कला मात्र नको. टायरचे रबर त्याने नासते.

पावडरीचे काम ताब्यात घेताना थिनरमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने मागच्या बाजूला दहा-वीस वेळा घासून पाहावे. किंचित चकाकी कमी झाली तर हरकत नाही. फडक्यावर रंग उतरला आणि जागा चिकट झाली तर भट्टी कमी पडली आहे. कोपऱ्यात ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून त्यावर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढावी. चौकोन उडून आले तर खालची तयारी झालेली नाही. दुकानदार थोडा कुरकुरेल. पैसे देण्यापूर्वी कुरकुरलेला परवडतो.

हे सगळे काम वैशाख-ज्येष्ठात उरकावे. एकदा मृग लागला की हवा दमट होते, घासलेले लोखंड संध्याकाळपर्यंत लाल दिसू लागते, आणि पेंटरही खरीप पेरणीला निघून जातो.